क्रेडिट, वर्कलोड आणि बीए: आर्ट्सचं पुढे काय होणार?

आर्ट्सला आता कोण विचारतं, बीए करून काय मिळतं, आणि एआय आल्यावर तर या शाखा बंदच पडणार, असं दर जून-जुलैला ॲडमिशनच्या टायमाला हमखास ऐकायला येतं, आणि सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की आपल्यालाही वाटायला लागतं की आर्ट्सला आता मुलंच नसणार. तर आधी एक आकडा बघू. केंद्र सरकार उच्च शिक्षणाचा देशभराचा सर्व्हे करतं, त्याला आयशे म्हणतात, त्याच्या २०२१-२२ च्या रिपोर्टमध्ये पदवीला शिकणाऱ्या मुलांपैकी ३४.२ टक्के आर्ट्सची आहेत. सायन्स १४.८, कॉमर्स १३.३, आणि ज्याच्यासाठी आईबाप शेत विकायला काढतात ते इंजिनिअरिंग ११.८. म्हणजे पदवीच्या दर तीन मुलांमागे एक आर्ट्सचा किंवा आर्ट्सची आहे, आणि त्यात मुली निम्म्याहून थोड्या जास्तच.

मग ओरड कसली? ओरड खोटी नाहीये, फक्त आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे आणि आपण परदेशातल्या बातम्या वाचून तिकडचं दुखणं इकडे चिकटवतो.

तिकडे काय झालंय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फी अफाट, डोक्यावर एज्युकेशन लोन, त्यामुळे पोरं इतिहास-साहित्य सोडून कॉम्प्युटरकडे पळाली आणि विभाग रिकामे झाले. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये बजेटची तूट भरायला २८ मेजर (म्हणजे पदवीचे मुख्य विषय) बंद केले, त्यात परकीय भाषांचे मेजर गेले. जपानमध्ये तर जून २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयानेच राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र धाडलं होतं की मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग बंद करा नाहीतर समाजाला जास्त उपयोगी पडेल असं काहीतरी त्यांचं करा, त्यावर जगभर बोंब झाली. तिकडे विद्यार्थी कमी, म्हणून विभाग बंद, असा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे विद्यार्थी आहेत. शिकवणारा माणूस नाही आणि शिकवायचे तास नाहीत. माझं या लेखात म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रात मानव्यविद्यांचं भवितव्य (म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, आणि आपल्या बीएमध्ये त्यांच्या जोडीला बसलेले राज्यशास्त्र, समाजशास्त्र वगैरे) परिसंवादात ठरत नाहीये, ते ठरतंय कॉलेजच्या वर्कलोडच्या तक्त्यात, आणि तो तक्ता बाहेरच्या माणसाला कधी कोणी समजावूनच सांगत नाही. मी काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या पैशांवर, इतिहास शिकवलाय म्हणून तो तक्ता जवळून बघितलाय, तोच जरा सोपा करून सांगतो.

कॉलेजात प्राध्यापकाची जागा मंजूर होते ती विद्यार्थी किती यावर थेट नाही, त्या विषयाचे आठवड्याला किती तास होतात यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट शिकवायचं धरलंय. विषयाचे १६ तास भरले तर एक पूर्ण जागा, ३२ भरले तर दोन, आणि १६ च्या खाली आले तर "वर्कलोड नाही" असा शेरा बसतो आणि त्या जागेवरचे सर रिटायर झाले की जागा परत भरली जात नाही. विषय बंद करायला कोणाला ठराव वगैरे करावा लागत नाही बघा, सर रिटायर होतात, तास तासिकावाल्यांकडे जातात, दोन-तीन वर्षांत मुलं तो विषय घेईनाशी होतात, आणि मग एका जूनमध्ये फॉर्मवर तो विषयच दिसत नाही.

आता हे तास कुठून येतात ते बघू. पुणे विद्यापीठाचा जुना बीए ज्यांनी केलाय त्यांना जनरल आणि स्पेशल आठवत असेल. प्रत्येक पोराला कंपल्सरी इंग्रजी सोडून बाकी विषय घ्यायचे, त्यातला एक पुढे स्पेशलला जायचा आणि दोन तिसऱ्या वर्षापर्यंत जनरल म्हणून सोबत राहायचे. म्हणजे इतिहास जनरलला घेतलेला राज्यशास्त्र स्पेशलवाला पोरगाही शेवटपर्यंत इतिहासाचा एक पेपर द्यायचाच. समजा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाला जनरलचे तीन वर्षांचे तीन पेपर आणि स्पेशलचे चार, प्रत्येकी आठवड्याला चार तास धरले, तर झाले २८ तास. एक पूर्ण जागा आणि वर १२ तास शिल्लक. विभाग श्वास घेऊ शकतो.

मग आलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, म्हणजे एनईपी. महाराष्ट्रात ते स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. यात सगळा हिशेब क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट. एप्रिल २०२३ च्या जीआरमध्ये पहिल्या सेमिस्टरचे २२ कसे वाटले होते ते ऐका: मेजर विषयाला ६, ओपन इलेक्टिव्हला (म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयाला) ४, आणि मग व्होकेशनल स्किलला २, स्किल एनहान्समेंटला २, भाषेला २, व्हॅल्यू एज्युकेशनला २, भारतीय ज्ञान प्रणालीला २, एनएसएस-खेळ-सांस्कृतिक वगैरेला २. ज्या विषयासाठी पोरगी कॉलेजात आली त्याला २२ पैकी ६! बाकी १६ क्रेडिट हे दोन-दोनचे तुकडे. नंतर मार्च २०२४ मध्ये हा आराखडा सुधारला, काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय आणि मग दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणजे जोडविषय, तिसऱ्याला रामराम, अशी रचना आली. विद्यापीठागणिक फरक आहेत पण दिशा तीच.

आता आपलं मगाचं तालुक्याचं कॉलेज घ्या. तिसरा विषय सुटला की त्याचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे जनरलचे तास गेले. ज्या विषयाला मेजर म्हणून मुलं मिळाली त्याचे तास उलट वाढतात, पण ज्याला मिळाली नाहीत त्याच्याकडे पहिल्या वर्षाचे थोडे आणि मायनरचे थोडे असे मिळून सात-आठ तास उरतात. अर्धी जागा. मेजर कोणाला मिळतो? जिथे मुलांना स्पर्धा परीक्षेला उपयोग वाटतो त्याला, म्हणजे राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल (भूगोलाला वर प्रॅक्टिकलचे तास मिळतात, त्यामुळे भूगोलवाले निवांत). मराठीला मिळतो, अजून तरी. तत्त्वज्ञान, संस्कृत, तर्कशास्त्र, काही ठिकाणी हिंदी सुद्धा, यांची अवस्था बघवत नाही. एनईपीच्या कागदात लिबरल एज्युकेशन, बहुविद्याशाखीय शिक्षण, नालंदा-तक्षशिला असं सगळं सुंदर लिहिलंय, आणि खाली तालुक्याला त्याच धोरणाच्या हिशेबात तत्त्वज्ञानाच्या सरांचे तास गळतात. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, वरती आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मोठी युनिव्हर्सिटी असते, पाच प्राध्यापकांचं आर्ट्स कॉलेज नसतं.

तासिकावाल्यांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. आपल्याकडे त्याला सीएचबी म्हणतात, क्लॉक अवर बेसिस. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, बऱ्याचदा पीएचडीही झालेला माणूस, पण पैसे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच, तासाचा दर हजाराच्या आतबाहेर, आणि एकाला पूर्ण वर्कलोड न देता साधारण निम्माच देतात. नेमणुकीची मंजुरी येईपर्यंत सत्र अर्धं सरलेलं असतं, परीक्षेच्या दिवसांत तास नाहीत, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि बिल निघतं ते सहा-सहा महिन्यांनी. पुढच्या वर्षी परत मुलाखत. आता मला सांगा, या माणसाने पोरांना निबंध लिहायला लावायचे, घरी नेऊन लाल पेनाने तपासायचे, पुढच्या तासाला समोर बसवून समजवायचे, हे कधी आणि कशाच्या जोरावर करायचं? आणि मानव्यविद्या शिकवणं म्हणजे मुळात हेच असतं. पोरगं स्वतः वाचतं, स्वतःचं काहीतरी मांडतं, आणि कोणीतरी त्याला सांगतं की बाबा तुझा पुरावा इथे कच्चा आहे. नोट्स डिक्टेट करायला माणूस लागत नाही, ते काम यूट्यूब आणि एआय केव्हाच करायला लागलेत, आणि फुकट.

एआयचं म्हणाल तर माझं मत जरा उलटं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मग ते काम राज्यभर पसरलं, आठवतंय? तहसील कचेऱ्यांमधून जुनी रजिस्टरं, शाळांची दाखलखारिज, कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, असे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. आणि निघाल्यावर कळलं की हे मोडी लिपीत आहे, निजामाच्या अमलातलं तर उर्दूत आणि फारसीत आहे, आणि वाचणारे कुठेत? मग धावाधाव, मोडी वाचकांना फोन, पुराभिलेखवाल्यांच्या मोडी परीक्षा पास झालेल्यांची शोधाशोध. राज्यातला त्या घडीचा सगळ्यात तापलेला प्रश्न, आणि अडला कुठे, तर एका ओळीत लिहिलेलं अक्षर "कु" आहे की दुसरं काही हे सांगणाऱ्या माणसापाशी. इतिहासाचा विभाग कशाला हवा असं विचारणाऱ्याला मी आता हेच उदाहरण देतो, फार लांब जावं लागत नाही.

हे मोडीचं काम मशीन करेल का? थोडंफार करेल. आयआयटी रुरकीच्या टीमने २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल जाहीर केलं, चांगली गोष्ट आहे. पण ते शिकवायला दोन हजारांवर मोडी पानांचे फोटो आणि त्यांचं जाणकारांनी केलेलं देवनागरी लिप्यंतर लागलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे हजारो रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, सगळ्यांचं लिप्यंतर मशीनने एका रात्रीत केलं असं धरलं तरी त्यातलं काय बरोबर आहे, त्यातला "मजकूर" (म्हणजे वर सांगितलेला) हा शब्द कोणाला उद्देशून आहे, या कागदातली तारीख शुहूर सनातली (जुन्या कागदांतली एक कालगणना) आहे की शकातली, हे तपासणारा माणूस कुठून आणणार? सुप्रीम कोर्टाने निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये सुवास नावाचं एआय टूल आणलं, तिथेही भाषांतर बघायला, दुरुस्त करायला जाणकार माणसं बसवावी लागतातच. मशीनचं काम जितकं वाढेल तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल, आणि तपासणारा तयार होतो तो अशाच एखाद्या विभागात, ज्याचे तास आपण आत्ता कापतोय.

पण मला सगळं उपयोगाच्या भाषेत मांडायचंही नाहीये, कारण उपयोगाच्या शर्यतीत उतरलं की आर्ट्सवाला हरतोच. महाराष्ट्रात आर्ट्स कॉलेज ही गोष्ट वेगळ्याच कामाला आलेली आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला जे कॉलेज काढलं, पुढे ज्याचं नाव मिलिंद झालं, तिथे मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेली पोरं आली, साहित्य-इतिहास-समाजशास्त्र शिकली, आणि साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्याच वातावरणातून गंगाधर पानतावण्यांसारखे मास्तर "अस्मितादर्श" हे नियतकालिक चालवायला लागले. दलित साहित्याचा इतिहास त्या कॉलेजला वगळून लिहिताच येणार नाही. सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तिथेही कमवा आणि शिकाच्या जोरावर शेतकऱ्याची पोरं पदवीपर्यंत गेली. या मुलांना कोणी "स्किल" दिलं नव्हतं, त्यांना स्वतःच्या जगण्याबद्दल स्वतःच्या भाषेत बोलायचं बळ मिळालं. आजही तालुक्याच्या बीएच्या वर्गात बसलेल्या बऱ्याच मुली त्यांच्या घरातल्या पहिल्याच पदवीधर असणार आहेत, कारण गावातून एसटीने जाऊन परत येता येईल असं आणि परवडणारं कॉलेज तेच आहे. तिथला विभाग बंद झाला तर ती मुलगी पुण्याला जाणार नाही, ती घरी बसेल.

आणि ही मुलं करतात काय? बरीचशी पोरं ॲडमिशन घेऊन अभ्यासिकेत बसतात, एमपीएससीसाठी. यातली गंमत बघा. एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक केली, नऊ पेपर, १७५० मार्क, त्यात निबंध आहे, इतिहास-समाज-राज्यघटना आहे, नीतिशास्त्राचा पेपर आहे. म्हणजे बीएचाच अभ्यासक्रम की हा! फक्त तो कॉलेजात जवळपास फुकट मिळत असताना पोरगं तिथे गैरहजर राहतं आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या क्लासला फी भरून तेच विकत घेतं. कॉलेजवाले पोरांना दोष देतात, पोरं म्हणतात तिकडे शिकवतं कोण. दोघंही बरोबर आहेत.

थोडी बरी बाजूही आहे, आणि ती एनईपीतच आहे. ते ओपन इलेक्टिव्ह म्हणालो ना मघाशी, ते आपल्या शाखेच्या बाहेरून घ्यायचं असा नियम आहे. म्हणजे बीएस्सी आणि बीकॉमच्या पोरांना आर्ट्सकडून काहीतरी घेता येईल. हे दार मोठं आहे! ज्या कॉलेजात तिन्ही शाखा आहेत तिथे मराठीच्या मॅडमनी बीएस्सीच्या पोरांना विज्ञान मराठीत कसं लिहावं हे शिकवलं, इतिहासाच्या सरांनी बीकॉमवाल्यांना इथल्या सावकारी-सहकाराचा इतिहास शिकवला, तर मुलंही येतील आणि तासही भरतील. पण दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, त्यासाठी नवीन सिलॅबस बसवायला पाहिजे, विद्यापीठाच्या बोर्डाकडून मंजूर करून आणायला पाहिजे, आणि हे करायला कायम नोकरीतला, दोन वर्षांनीही इथेच असणारा माणूस पाहिजे. नाहीतर होतं असं की ओपन इलेक्टिव्हच्या यादीत जे सोपं असेल, ज्याची गाईड बाजारात आहे, तेच ठेवलं जातं. आणि नुसत्या आर्ट्स कॉलेजात तर उलटीच पंचाईत, तिथल्या पोरांना कॉमर्स-सायन्सचं ओपन इलेक्टिव्ह द्यायचं कोणी, मग भूगोलाचे सर फायनान्शियल लिटरसी घेतात. हसू नका, घेतात.

चौथ्या वर्षाचं पण असंच. चार वर्षांची ऑनर्स पदवी, आणि त्यात ७५ टक्के असतील तर एमए न करता थेट नेट आणि पीएचडीला बसता येतं, २०२४ पासून यूजीसीने हे खुलं केलंय. पण चौथं वर्ष, त्यातही रिसर्चवालं, चालवायला संशोधनाचे मार्गदर्शक लागतात, संशोधन केंद्राची मान्यता लागते. छोट्या कॉलेजातली मुलगी तिसऱ्या वर्षी थांबणार, शहरातली चौथं करून पुढे जाणार. पीएचडी करून तरी काय दिवे लावणार, या अर्थाचं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात बोलले आणि गदारोळ झाला, पण खरं सांगायचं तर भरती नीट होत नसताना पीएचडीवाल्याने दिवे लावायचे तरी कुठे हा प्रश्न तेव्हाच उलट विचारता आला असता.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं. आनंद आहेच, पेढे आम्हीही खाल्ले. फक्त अभिजात मराठी वाचू शकणारी पोरं तयार होतात ती तालुक्याच्या मराठी विभागात, तिथल्या जागा भरल्याशिवाय रिद्धपूरला एमएला येणार कोण, हे कोणीतरी अर्थखात्याला विचारा.

आता तुमच्या घरात कोणी यंदा बीएला जाणार असेल तर कॉलेजची बिल्डिंग आणि वायफाय बघत बसू नका. जो विषय मेजर घ्यायचाय त्या विभागात कायम प्राध्यापक किती आहेत ते ऑफिसात नाही, थेट विभागात जाऊन विचारा. ओपन इलेक्टिव्हची यादी मागा आणि त्यातलं गेल्या वर्षी प्रत्यक्षात काय चाललं ते वरच्या वर्गातल्या पोरांना विचारा, छापील यादीत दहा असतात आणि चालतात दोन. चौथं वर्ष तिथेच होणार की दुसरीकडे जावं लागणार हे आत्ताच कळलेलं बरं. लायब्ररीत जाऊन आपल्या विषयाचं पुस्तक गेल्या वर्षात कोणी नेलंय का, इश्यूच्या चिठ्ठीवर तारखा असतात, ते बघा. आणि सर किंवा मॅडम भेटल्या तर एवढंच विचारा की तुम्ही मुलांकडून वर्षात किती पानं लिहून घेता. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही तर फॉर्म भरून टाका.